नाताळच्या भेटवस्तू आणि ऑनलाइन खरेदीतील काटकसर

डिसेंबर महिन्याच्या अखेरीस ग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाचे दोन दिवस लागोपाठ येतात. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन होय. १९८६ साली याच तारखेस ग्राहक संरक्षण अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी नाताळचा सण असतो. वसई, अहिल्यानगर, जालना आदी भागांतील ख्रिस्ती कुटुंबांतून या निमित्ताने नवे कपडे, मुलांसाठी खेळणी आणि आप्तेष्टांसाठी भेटवस्तू घेतल्या जातात. अलीकडे अनेक शाळांतून व कचेऱ्यांतूनही नाताळानिमित्त परस्परांना लहानशी भेट देण्याची पद्धत रूढ झाली आहे. यांपैकी बरीच खरेदी आता मोबाइलवरून, म्हणजे ऑनलाइन पद्धतीने होते. ही सोय खेड्यापर्यंत पोहोचली ही समाधानाची बाब आहे; परंतु तिचा लाभ पदरात पडावा यासाठी ग्राहकाने काही गोष्टी समजून घेणे अगत्याचे आहे.

यांतील मुख्य गोष्ट एकच आहे. संकेतस्थळावर दाखविलेली सवलत आणि ग्राहकाची प्रत्यक्ष बचत या दोन भिन्न बाबी आहेत. सवलत विक्रेता ठरवितो. बचत मात्र ग्राहकाला स्वतः मोजावी लागते, आणि ती मोजण्यासाठी त्या वस्तूचा बाजारातील खरा भाव ठाऊक असावा लागतो.

आबिड्सच्या बाजाराचा धडा

भाव कसा काढावा, हे शिकण्यासाठी हैदराबाद शहरातील आबिड्स या बाजारपेठेचे उदाहरण उपयुक्त ठरेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, आणि हैदराबाद ही त्याची राजधानी होती. त्यामुळे नांदेड, देगलूर, धर्माबाद या भागांतील लोकांचे त्या शहराशी जुने नाते आहे. आबिड्सपासून जवळच जांबागेत १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था तेथील मराठी समाजाची साक्ष देत आजही उभी आहे. औषधोपचार, नातेसंबंध व व्यापार या निमित्तांनी सीमाभागातील लोकांचे तेथे जाणे-येणे असते.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सेवेत असलेल्या आबिद नावाच्या आर्मेनियन गृहस्थांनी या ठिकाणी दुकान काढले होते, आणि त्यांच्याच नावावरून हा परिसर आबिड्स म्हणून ओळखला जाऊ लागला. शहराची मुख्य टपाल कचेरी, सेंट जॉर्ज चर्च, कपड्यांची व पादत्राणांची दुकाने आणि मोबाइलसाठी प्रसिद्ध असलेले जगदीश मार्केट ही या भागाची ठळक ओळख होय. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. तेव्हा त्यांच्या समोरील पदपथांवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो.

अशा बाजारात जाणता ग्राहक काय करतो? तो वस्तू हातात घेऊन पाहतो. तीच वस्तू दोन-तीन दुकानांत दाखवावयास सांगून भाव काढतो. भाव पटला नाही तर पुढे चालू लागतो, आणि पुष्कळदा त्याच क्षणी दुकानदार त्याला परत बोलावून किंमत उतरवितो. पारखणे, तुलना करणे आणि सोडून देणे ही ग्राहकाची तीन पारंपरिक साधने आहेत. ऑनलाइन खरेदीत यांपैकी तुलना करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. पारखणे मात्र अशक्यप्राय झाले आहे. आणि सोडून देणे कठीण व्हावे अशीच संकेतस्थळांची मांडणी अनेकदा केलेली असते. या तीन साधनांचा नव्या पद्धतीत कसा उपयोग करावा, याचा विचार पुढे केला आहे.

खरी किंमत कशी काढावी

वेष्टनावर छापलेली किंमत ही सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत असते. तिच्यापेक्षा अधिक रक्कम घेणे बेकायदेशीर आहे; तथापि कमी घेण्यास कोणतीही आडकाठी नाही. पुष्कळशा वस्तू बाजारात छापील किमतीपेक्षा कमी दराने सर्रास विकल्या जातात. म्हणून छापील किमतीशी तुलना करून सांगितलेली सवलत ग्राहकाने फारशी विचारात घेऊ नये. तुलना करावयाची ती प्रत्यक्ष बाजारभावाशी.

उदाहरणादाखल एक हिशेब पाहू. एका मनगटी घड्याळाची छापील किंमत २,००० रुपये आहे आणि संकेतस्थळावर ते ‘५० टक्के सवलतीत’ १,००० रुपयांना दाखविले आहे असे समजू. रक्कम भरण्याच्या शेवटच्या पानावर घरपोच पाठविण्याचे ६० रुपये, हाताळणी आकार १५ रुपये आणि भेटीच्या वेष्टनाचे ४० रुपये मिळविले जातात. एकूण देय रक्कम १,११५ रुपये होते. तेच घड्याळ तालुक्याच्या दुकानात १,१५० रुपयांस मिळत असेल, तर ग्राहकाची बचत १,००० रुपयांची नसून केवळ ३५ रुपयांची आहे. आबिड्ससारख्या मोठ्या बाजारात घासाघीस करून ते १,०५० रुपयांस मिळाले, तर तेथे आधीच गेलेल्या माणसाला ऑनलाइन खरेदी ६५ रुपयांनी महाग पडेल. केवळ घड्याळासाठी गावाहून हैदराबादला जावयाचे झाल्यास मात्र प्रवासखर्चच बचतीपेक्षा कितीतरी अधिक होईल. तेव्हा कोणत्याही एका मार्गास कायमचा स्वस्त मानणे चुकीचे आहे. प्रत्येक वेळी शेवटच्या पानावरील एकूण रक्कम, आणि दुकानातील खरेदीच्या बाबतीत जाण्यायेण्याचा खर्च, यांची तुलना करणे हाच योग्य मार्ग होय.

मोफत घरपोच सेवेसाठी ठरविलेली किमान रक्कमही अशीच तपासून पाहावी. ४२० रुपयांच्या खरेदीवर ५० रुपये घरपोच आकार पडत असेल आणि ४९९ रुपयांच्या वर तो माफ होत असेल, तर अनेक ग्राहक ९० रुपयांची एखादी अनावश्यक वस्तू त्यात टाकतात. ४७० रुपयांत भागणारे काम अशा रीतीने ५१० रुपयांना पडते. आकार वाचला, ४० रुपये मात्र अधिक गेले.

भेटवस्तू आणि परतीची मुदत

स्वतःसाठी घेतलेली वस्तू आणि भेट म्हणून घेतलेली वस्तू यांत एक महत्त्वाचा फरक आहे. भेटवस्तूचे पैसे एक जण देतो व तिचा वापर दुसरा करतो. शिवाय ती घेण्याचा आणि उघडण्याचा दिवस एक नसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मोठ्या ऑनलाइन विक्रीमोहिमा होतात. त्या वेळी नाताळच्या भेटी घेऊन ठेवणे पुष्कळदा किफायतशीर ठरते. परंतु वस्तू परत करण्याची मुदत साधारणतः ती घरी पोहोचल्या दिवसापासून मोजली जाते, उघडल्या दिवसापासून नव्हे. ऑक्टोबरमध्ये आलेला डबा २५ डिसेंबरला उघडला आणि आतील खेळणे मोडके निघाले, तर सात किंवा दहा दिवसांची मुदत केव्हाच संपून गेलेली असते.

यासाठी वस्तू येताच डबा उघडावा व उघडताना मोबाइलवर चित्रण करावे. वस्तू चालवून पाहावी आणि नंतर ती घरीच कागदात बांधून ठेवावी. यामुळे वेष्टनाचा खर्चही वाचतो. कपडे व पादत्राणे यांच्या मापाविषयी शंका असल्यास ती सणाच्या फार आधी घेऊ नयेत; किंवा ज्याला द्यावयाची त्याच्या घरच्यांकडून माप आधी विचारून घ्यावे. न बसणारा सदरा कितीही स्वस्त मिळाला तरी त्याची पूर्ण किंमत वाया गेलेली असते.

दुसऱ्या टोकास, शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबणेही हिताचे नाही. घाईत ग्राहक तुलना करीत नाही, लवकर पोहोचविण्याचा जादा आकार मान्य करतो आणि मिळेल ते घेतो. ग्रामीण भागात वस्तू पोहोचण्यास अधिक दिवस लागतात. म्हणून आपल्या गावचा पिन कोड घालून पोहोचण्याची तारीख प्रथम पाहावी. सजावटीचे सामान, तारे, चांदण्या यांसारख्या वस्तूंची मागणी सण संपताच ओसरते. पुढील वर्षाकरिता त्या तेव्हा घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरते.

हप्ते, परतावा आणि उधारी

‘बिनव्याजी हप्ता’ हे अलीकडचे मोठे आकर्षण आहे. तथापि, शून्य टक्के व्याज ही वस्तुतः अस्तित्वात नसलेली कल्पना आहे, असे भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांच्या निदर्शनास आणून दिले होते. अशा योजनेत व्याजाएवढी रक्कम किमतीतून आधी वजा दाखविली जाते आणि नंतर व्याज म्हणून वसूल केली जाते. १२,००० रुपयांच्या मोबाइलचे २,००० रुपयांचे सहा हप्ते ठरले, आणि त्यांत व्याजाचा भाग ५०० रुपये असला, तर त्या व्याजावर १८ टक्के दराने ९० रुपये वस्तू व सेवा कर लागू शकतो. बँकेचा प्रक्रिया आकार २०० रुपये असल्यास करासह २३६ रुपये होतात. म्हणजे ‘बिनव्याजी’ मोबाइलसाठी ३२६ रुपये अधिक मोजावे लागतात. एखादा हप्ता चुकल्यास दंड व व्याज निराळेच. ज्या भेटीचे हप्ते पुढील पावसाळ्यापर्यंत फेडावे लागतील, ती भेट देण्यापूर्वी कुटुंबाने शांतपणे विचार करणे इष्ट होय.

खरेदीनंतर काही रक्कम परत देण्याच्या योजनांचेही तसेच आहे. परत मिळणारी रक्कम बँक खात्यात जमा होणार आहे, की त्याच संकेतस्थळावरील पुढील खरेदीसाठी अडकून राहणार आहे, हे आधी वाचावे. दुसऱ्या प्रकारात ती बचत नसून पुढील खर्चाचे आमंत्रण असते.

कायद्याने दिलेले संरक्षण

संकेतस्थळांच्या मांडणीतून ग्राहकाची दिशाभूल करण्याचे अनेक प्रकार आढळतात. त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ प्रकारांचा उल्लेख असून त्यांचा अवलंब करण्यास मनाई आहे. ‘केवळ दोनच नग शिल्लक’, ‘दहा मिनिटांत सवलत संपणार’ अशी खोटी घाई दाखविणे. ग्राहकाने न मागितलेली वस्तू किंवा देणगी त्याच्या टोपलीत टाकणे. सुरुवातीस कमी किंमत दाखवून शेवटी आकार वाढवीत नेणे. वर्गणी सुरू करणे सोपे व बंद करणे अवघड ठेवणे, ही त्यांतील काही उदाहरणे होत. अशी घाई दिसली की मोबाइल खाली ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. आबिड्सच्या बाजारात ‘पुढे चालू लागणे’ याचे जे मोल आहे, तेच येथे एक रात्र थांबण्याचे आहे.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये ग्राहकांस पुढील हक्क प्राप्त झाले आहेत. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत वर्णिल्याप्रमाणे नसल्यास विक्रेत्यास ती परत घेण्यास अथवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. सांगितलेल्या तारखेनंतर वस्तू पोहोचली तरीही हाच नियम लागू होतो. अपवाद केवळ आकस्मिक व अनिवार्य आपत्तीचा. नाताळची भेट २७ डिसेंबरला हाती पडली, तर ‘उशीर झाला, आता चालवून घ्या’ हे उत्तर म्हणूनच कायद्यात बसत नाही. संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवणेही या नियमांत निषिद्ध आहे. प्रत्येक ऑनलाइन व्यापारी संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तिचे निवारण एक महिन्यात करणे बंधनकारक आहे.

वस्तूची पारख

हातात घेऊन पाहणे शक्य नसल्याने खुणा व नोंदी यांवर अवलंबून राहावे लागते. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह असणे १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी केलेली खेळणी व नोंदणीकृत भौगोलिक निर्देशनाची खेळणी यांना त्यातून सूट आहे. नांदेड जिल्ह्याच्या शेजारी असलेल्या निर्मलची लाकडी खेळणी त्यामुळे निःशंकपणे घेता येतात. सोन्याचा दागिना भेट द्यावयाचा असल्यास त्यावर हॉलमार्क व सहा अक्षरांकांचा ओळख क्रमांक असला पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून तो अनिवार्य आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल सुविधेवर तो क्रमांक कोणासही पडताळून पाहता येतो. मोबाइलसारखी वस्तू ऑनलाइन घ्यावी वा जगदीश मार्केटमधून, पक्की पावती आणि उत्पादकाची हमी यांचा आग्रह दोन्हीकडे सारखाच धरावा. पावतीवाचून मिळालेली सूट वस्तू बिघडताच नाहीशी होते.

पुस्तक ही भेट स्वस्त आणि टिकाऊ असते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पुस्तके भेट देण्याची प्रथा पाडल्यास थोड्या पैशांत मोठे काम होईल. ऑनलाइन मिळणाऱ्या जुन्या पुस्तकाची किंमत पाहताना टपाल हशील धरून हिशेब करावा. कोणी नातलग हैदराबादेस असल्यास रविवारी आबिड्सच्या पदपथावर त्याने एक फेरी मारणे पुष्कळदा अधिक लाभाचे ठरते. तेथे निदान पाने चाळून पाहता येतात.

परदेशातील आप्तांनी तिकडील संकेतस्थळावरून इकडे भेट पाठविण्यापूर्वी एक बाब ध्यानात ठेवावी. भेट म्हणून आलेल्या मालास पूर्वी असलेली सीमाशुल्कातील सूट डिसेंबर २०१९ मध्ये बंद करण्यात आली. राख्या व जीवनरक्षक औषधे एवढाच त्यास अपवाद करण्यात आला. त्यामुळे येथे पार्सल सोडविताना शुल्क भरण्याची पाळी येऊ शकते. भारतातील संकेतस्थळावरून मागवून भारतातील पत्त्यावर पाठविणे हेच अशा वेळी स्वस्त पडते.

फसवणुकीपासून सावधानता

सणाच्या दिवसांत बनावट संकेतस्थळे व खोटे संदेश यांचा सुळसुळाट होतो. ‘आपले पार्सल अडकले आहे, पत्ता दुरुस्त करण्यासाठी येथे पाच रुपये भरा’ अशा संदेशातील दुव्यावर जाऊ नये. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक कधीही द्यावा लागत नाही; तो केवळ पैसे देण्यासाठीच असतो, ही एकच गोष्ट घरातील सर्वांनी पाठ केली तरी मोठे नुकसान टळेल. बाजारभावाच्या दशांश किमतीत मिळणाऱ्या वस्तूचा मोह टाळावा. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा व आपल्या बँकेसही कळवावे. जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम थोपविली जाण्याची शक्यता अधिक.

एकत्र खरेदी

काटकसरीचा एक मार्ग महाराष्ट्रास नवा नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. अनेक कुटुंबांनी एकत्र येऊन मालाची खरेदी करावी आणि तो आपसांत वाटून घ्यावा, ही तिची पद्धत होय. ऑनलाइन खरेदीसही ती लागू पडते. एका गल्लीतील चार कुटुंबांनी आपल्या मागण्या एकाच वेळी नोंदविल्या, तर घरपोच आकार एकदाच पडतो आणि किमान रकमेसाठी अनावश्यक वस्तू घ्यावी लागत नाही. ज्याला मोबाइलवरील व्यवहाराची माहिती आहे, त्याच्या ज्ञानाचा लाभ इतरांस मिळतो. शाळा व कचेऱ्यांतून परस्परांना भेट देण्याचा कार्यक्रम असल्यास भेटीच्या रकमेची मर्यादा आधी ठरवावी. ती अशी असावी की शिपायासही ओझे वाटू नये आणि शेतमजुराच्या मुलासही संकोच वाटू नये.

तक्रार कोठे करावी

संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडून समाधान न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदविता येते. त्यानेही काम न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाण्याचा मार्ग खुला आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये ग्राहकास तो जेथे राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता हैदराबादचा असो वा दिल्लीचा, देगलूरच्या ग्राहकास नांदेडलाच दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबतच्या तक्रारीस शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मात्र पावती, मागणीचा क्रमांक, जाहिरातीचे छायाचित्र आणि पत्रव्यवहार जपून ठेवलेला असावा.

सणाची खरेदी करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एका कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात: कोणाला काय द्यावयाचे, प्रत्येक वस्तूचा बाजारातील भाव किती, आणि आपली एकूण ऐपत किती. त्या कागदाबाहेरची वस्तू कितीही सवलतीत दिसली तरी घेऊ नये. २४ डिसेंबरला ग्राहक म्हणून जागरूक राहिलेल्या घरी २५ डिसेंबरचा सण कर्जाची चिंता मागे न ठेवता पार पडेल, आणि जानेवारीत शाळेची फी व बियाण्याचे पैसे हाताशी राहतील.